मोजके डाव, पक्की वाट

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यात मराठी आजही घराघरांत बोलली जाते आणि तिच्यासोबत कुस्तीची ओढही टिकून आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य मोडलं, किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आला. हद्दी बदलल्या, पण जत्रा आणि कुस्ती यांचं नातं दोन्ही काठांवर तसंच राहिलं. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही दंगल भरते आणि लांबलांबचे मल्ल तिथे उतरतात. अशा मुलखातून उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी जिउ-जित्सूच्या मॅटवर उतरू पाहत असेल, तर त्यांना काय सांगावं? माझं म्हणणं असं आहे की ज्याच्याकडे सरावाला जोडीदार कमी, मॅट कमी आणि स्पर्धा दूर, त्यानेच स्पर्धेची स्वतःची योजना सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत काटेकोरपणे आखायला हवी. मोठ्या शहरातला खेळाडू योजनेवाचून काही काळ निभावून नेईल. आदिलाबादच्या खेळाडूला ते परवडणारं नाही.

आधी हा खेळ समजून घेऊ. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जिउ-जित्सूतून ज्युदो घडवला. त्यांच्या कोदोकान संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोचले आणि पुढे तिथल्या ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झुंजीला आजचं रूप दिलं. आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ २०१८ साली जकार्ता-पालेमबांगमध्ये प्रथम खेळवला गेला. यात ठोसे-लाथा नाहीत. प्रतिस्पर्ध्याला खाली घ्यायचं, त्याच्या पायांचा अडसर पार करायचा, वर मांड ठोकायची आणि शेवटी सांध्यावर किंवा मानेवर अशी पकड बसवायची की तो हाताने थोपटून हार मानेल. हार मानायला लावलं की लढत तिथेच संपते. नाहीतर गुण मोजले जातात. सर्वांत प्रचलित नियमावलीत खाली पाडण्याचे २ गुण आहेत. खाली पाठीवर असलेल्याने वरच्याला उलटवलं तरी २ आणि पोटावर गुडघा रोवला तरी २. पायांचा अडसर, म्हणजे गार्ड, पार केल्यास ३. छातीवर स्वार झाल्यास किंवा पाठीवर चढून दोन्ही पाय आत अडकवल्यास प्रत्येकी ४. मात्र ती जागा ३ सेकंद टिकवावी लागते. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूला ५ मिनिटं मिळतात, काळ्या पट्ट्याच्या खेळाडूला १०.

हे आकडे नीट पाहिले की योजनेची पहिली गरज लक्षात येते. पाडणं, गार्ड पार करणं आणि छातीवर स्वार होणं या तीन पायऱ्या एका ओळीत साधल्या तर ९ गुण होतात. तेच कुणी तीनदा पाडलं आणि तिन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याला उठू दिलं, तर दमछाक तेवढीच होते आणि हाती ६ गुण लागतात. म्हणजे एकेका डावाच्या ताकदीइतकंच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्व एका डावातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेला आहे. वैयक्तिक योजना म्हणजे ही वाट: लढत कुठून सुरू करायची, पहिली पकड कोणती, तिच्यावर समोरचा साधारण काय करील, त्याला आपलं उत्तर काय, आणि शेवट कुठे. पाठ केलेल्या पन्नास डावांची यादी ही योजना नाही. यादीतले डाव सुटे असतात आणि सुटा डाव फसला की खेळाडू जागच्या जागी थबकतो.

थबकण्याला कारण आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली दिवे आणि कळा वापरून केलेल्या प्रयोगांत दाखवलं की निवडीसाठी जितके पर्याय जास्त, तितका माणसाला प्रतिसाद द्यायला वेळ जास्त लागतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रे हायमन यांच्या प्रयोगांतून याला पुष्टी मिळाली. सरावाने हा वेळ कमी होतो, हेही खरं. पण पन्नास पर्यायांचा सराव आणि चार पर्यायांचा सराव यांत एकेका पर्यायाच्या वाट्याला येणारी उजळणी सारखी राहत नाही. श्वास चढलेला, बोटं भरून आलेली, समोरचा अंगावर आलेला, अशा वेळी माणूस सर्वांत जास्त वेळा केलेली गोष्टच करतो. ती गोष्ट कोणती असावी, हे स्पर्धेच्या आधी ठरवता येतं. रॉजर ग्रेसी या ब्राझिलियन खेळाडूने २००९ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत आपला वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले, तेही प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून. त्याचं मुख्य हत्यार होतं छातीवर स्वार होऊन दोन्ही हातांनी कॉलर आवळणं. हा डाव नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात. काय येणार हे समोरच्याला ठाऊक होतं. तिथपर्यंतची वाट मात्र रॉजरने इतकी पक्की केली होती की ठाऊक असूनही सुटका नव्हती.

आपल्या तालमींना हे नवं नाही. कुणाची ओळख ढाकेवर, कुणाची घिश्श्यावर, कुणाची कलाजंगवर. ज्याचा त्याचा हातखंडा डाव ठरलेला. वस्ताद सगळ्यांना सगळे डाव दाखवतो, पण पोराची उंची, कंबर, मनगट आणि स्वभाव पाहून एकाला पटाकडे वळवतो, दुसऱ्याला टांगेकडे. जिउ-जित्सूच्या योजनेची सुरुवातही अशाच निवडीपासून व्हायला हवी. लांब पायांच्या खेळाडूला पाठीवर राहून पायांनी प्रतिस्पर्ध्याला खेळवणं सोयीचं जाईल. ठेंगण्या, जड कमरेच्या खेळाडूने वरून दाब देण्याची वाट धरावी. परदेशातल्या विजेत्याचा खेळ व्हिडिओत पाहून जसाच्या तसा उचलला, तर तो बहुधा दुसऱ्याच्या मापाचा निघतो.

एक वाट जवळून पाहू. समजा बेला भागातल्या एखाद्या मुलीचा एकेरी पट धारदार आहे. कुस्तीत तिचं काम पट काढून समोरचीला चीत करण्यापाशी संपतं. जिउ-जित्सूत तिथे फक्त २ गुण पडतात आणि खरी लढत तिथून सुरू होते. म्हणून तिची योजना अशी लिहावी लागेल: पहिली पकड बाही आणि कॉलरची, कारण अंगावर जाड कापडाचा गी असतो आणि तो समोरचीच्या हाती लागला तर पट काढायला वावच राहत नाही. मग एकेरी पट, पण डोकं आतल्या बाजूला, समोरचीच्या छातीला टेकवून. डोकं बाहेर राहिलं तर मान तिच्या बगलेत सापडते. शिवाय काही नियमावल्यांत नवशिक्यांना डोकं बाहेर ठेवून एकेरी पट घालायला मनाईच आहे. पट बसल्यावर समोरची साधारण तीन गोष्टी करते: पाय मागे फेकून अंगाचा भार टाकते, मान आवळते किंवा स्वतःच खाली बसून पाय मध्ये आणते. पहिल्यावर उत्तर, पाय न सोडता बाजूला फिरून पाठीकडे जाणं. दुसऱ्यावर उत्तर, मान ज्या बगलेत अडकली आहे तिच्या उलट बाजूला सरकून खांद्याने दाब देणं. तिसऱ्यावर उत्तर, बगलेतून एक हात आत घालून, खांदा तिच्या हनुवटीखाली रेटून, गुडघा मांडीवरून सरकवत गार्ड पार करणं. गार्ड पार झाल्यावर ३ सेकंद स्थिर, मग छातीवर स्वार, मग कॉलर. एवढं सगळं एका कागदावर मावतं, आणि यातली प्रत्येक पायरी सरावात सुटी काढून शेकडो वेळा घोटता येते.

याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला वाईट जागा लिहिल्या पाहिजेत, आणि मल्लांसाठी ही बाजू अधिक मोलाची आहे. कुस्तीत पाठ टेकली की हार. त्यामुळे पडताना पोटावर वळणं हे मल्लाच्या हाडीमांसी खिळलेलं असतं. जिउ-जित्सूत पाठीवर असणं म्हणजे हार नव्हे. दोन्ही पाय समोर असतील तर ती लढण्याचीच जागा आहे, तिथून उलटवता येतं, हार मानायलाही लावता येतं. उलट पोटावर वळलं की पाठ मोकळी होते, समोरचा तिच्यावर चढतो, ४ गुण घेतो आणि मागून गळा आवळतो. वर्षानुवर्षं तालमीत कमावलेली सवय इथे घात करते. अशी सवय उपदेशाने जात नाही. तिच्या जागी दुसरी हालचाल बसवावी लागते. म्हणून योजनेत स्पष्ट लिहायचं: पडलो तर कुशीवर, गुडघा आणि कोपर आत, पाय दोघांच्या मध्ये. आणि सरावाच्या निम्म्या लढती मुद्दाम वाईट जागेपासून सुरू करायच्या: समोरचा छातीवर बसलेला, पाठीवर चढलेला, गार्ड जवळजवळ पार केलेला. जिंकण्याची वाट कधी उघडेल याची खात्री नसते, पण वाईट जागी सापडण्याची वेळ प्रत्येकावर येते.

नियमांचं पानही स्वतंत्र हवं. गुणांचं गणित निकाल कसा फिरवतं, हे कुस्तीच्या मराठी प्रेक्षकांनी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाहिलं; मल्ल महेंद्र गायकवाडच्या बाहेरील टांगेला मिळालेल्या ४ गुणांवरून किती दिवस वाद चालला. जिउ-जित्सूत मल्लाने दोन गोष्टी आधीच घोकून ठेवाव्यात. पायांत अडकलेल्या प्रतिस्पर्ध्यासकट उठून त्याला मॅटवर आपटणं निषिद्ध आहे. त्यासाठी थेट बाद करतात. दुसरी गोष्ट वजनाची. सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गीमधल्या स्पर्धांत वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, अंगावर गी असताना केलं जातं. आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवायचं आणि रात्रीतून अंग भरून काढायचं, ही कुस्तीत चालत आलेली रीत इथे उपयोगी नाही. तसं केलं तर मुलगा कोरड्या घशाने, थकलेल्या पायांनी थेट लढतीला उभा राहील. आपण रोज ज्या वजनावर वावरतो त्याच्या जवळचा गट निवडणं, हाही योजनेचाच भाग आहे.

एका प्रकारच्या झुंजीतली कमाई दुसऱ्या प्रकारात कशी न्यावी, याचं मराठी मुलखातलं सर्वांत मोठं उदाहरण खाशाबा जाधवांचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांखाली खेळले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी नुसती ताकद वाढवण्यात घालवली नाहीत. मॅटचा आणि त्या नियमांचा सराव केला. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचं सुवर्ण ज्याने घेतलं तो जपानचा शोहाची इशी मुळात ज्युदोचा खेळाडू होता. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. एक मातीतून मॅटवर आला, दुसरा ज्युदोतून कुस्तीत. दोघांनीही जुनी कमाई टाकून दिली नाही आणि ती नव्या नियमांना जुळवून घेतली. खाशाबांच्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. साधनांची ती टंचाई आणि तयारीची ती नेमकी दिशा, दोन्ही एकत्र पाहायला हवीत.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: योजना माणसाला बांधून टाकते, आणि ती समोरच्याला कळली की संपलंच. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण वरचा एकेरी पटाचा कागद पाहा. त्यात पट बसल्यावर समोरचीच्या होणाऱ्या तीन प्रतिक्रियांचा विचार आहे. बांधून टाकते ती योजना नव्हे, अर्धवट योजना, जिच्यात फक्त आपली बाजू लिहिलेली असते. दुसऱ्या भागाचं उत्तर मार्सेलो गार्सियाच्या खेळात आहे. या ब्राझिलियन खेळाडूने आपल्या रोजच्या सरावाच्या लढती जगाला पाहता याव्यात म्हणून इंटरनेटवर खुल्या केल्या. त्याचे आवडते डाव, त्यांकडे जायच्या वाटा, सगळं प्रतिस्पर्ध्यांसमोर होतं. तरीही २०१० आणि २०११ मध्ये तो विश्वविजेता झाला. तालमीत म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. राखून ठेवायला हरकत नाही, पण निकाल बहुतेक वेळा उघड डावाच्या घोटलेपणावरच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिकाऊ पोरांना कसली योजना, आधी सगळं शिकू द्या, असं अनेक प्रशिक्षक सांगतात. लवकर एका वाटेला लावलं तर खेळाडू खुरटतो, अशी त्यांची भीती आहे. भीती रास्त आहे, आणि म्हणूनच सराव आणि स्पर्धा यांत फरक करायला हवा. सरावात सगळ्या जागा फिरून पाहाव्यात, जमत नाही तेही करावं, हरावं. स्पर्धेला उतरताना मात्र त्या दिवसापुरती वाट निवडावी. नवशिक्याची योजना चार ओळींची असू शकते: खाली घ्यायचा एक डाव, गार्ड पार करायची एक रीत, छातीखालून सुटायची एक रीत आणि शेवटची एक पकड. इतक्या छोट्या योजनेचा मोठा फायदा असा की हरल्यावर नेमकं कुठे हरलो हे सांगता येतं. ज्याने काहीच ठरवलं नव्हतं, तो घरी परतताना फक्त 'समोरचा भारी होता' एवढंच घेऊन येतो. ज्याची ठरलेली वाट गार्डपाशी अडली, त्याला पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यासक्रम मिळालेला असतो. असा खेळाडू खुरटत नाही. प्रत्येक स्पर्धेनंतर त्याच्या कागदावर एक फांदी वाढते.

तिसरा आक्षेप साधनांचा. हे सगळं मुंबई-हैदराबादसारख्या शहरातल्या, फी भरून जिममध्ये जाणाऱ्यांसाठी. इथे मॅट कुठे, काळ्या पट्ट्याचा प्रशिक्षक कुठे? अडचण खरीच आहे. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००. शिकवणीसाठी रोज कुणी जाऊ शकत नाही. पण याच कारणाने माझा मुद्दा बळकट होतो. विहिरीला पाणी कमी असलेला शेतकरी ते सगळ्या रानात पसरवत नाही, हमखास पीक येईल त्याच पट्ट्याला देतो. शहरातल्या खेळाडूला आठवड्यात वीस वेगवेगळे जोडीदार मिळतात. वीस तऱ्हांच्या अंगाशी झटत झटत त्याची वाट नकळत तयार होत जाते. इथल्या खेळाडूला दोन-तीनच जोडीदार असतील, तर त्यांच्यासोबतचा प्रत्येक तास कशासाठी हे आधी ठरलेलं असायला हवं. योजना असली की जोडीदार जिउ-जित्सू न जाणणारा मल्ल असला तरी चालतो. त्याला एवढंच सांगायचं, 'मी पट काढीन, तू मान आवळ.' मोबाइलवर काढलेली स्वतःच्या लढतीची चित्रफीत, एक वही आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाणकाराकडे नेऊन दाखवायचे तीन नेमके प्रश्न, एवढ्यावर बरंच काम होतं. तेलंगण सरकारची क्रीडा शाळा आदिलाबादेत आहे, गावोगावी कुस्ती जाणणारी माणसं आहेत. पाडण्याची कला, तोल, मान-कमरेची ताकद, अंगाला अंग भिडवण्याची निर्भयता, हे सगळं इथे आहे. जमिनीवरचं शास्त्र तेवढं मिळवायचं आहे, आणि कुठलं किती मिळवायचं हे योजनेवाचून कळणार नाही.

तेव्हा आदिलाबादच्या वस्तादांना, क्रीडा शिक्षकांना आणि घरच्यांना एक विनंती आहे. मूल स्पर्धेला निघालं की 'जिंकून ये' म्हणण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. पहिली पकड कुठली धरशील? ती तोडली तर पुढे काय? छातीवर कुणी बसलं तर कसा सुटशील? शेवटच्या मिनिटात २ गुणांनी मागे असलास तर कुठली जोखीम घेशील? उत्तरं चुकीची निघाली तरी बिघडत नाही, ती सुधारता येतात. उत्तरच नसेल, तर त्या मुलाला अजून काही आठवडे थांबवून कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी बसणं हेच मोठ्यांचं काम आहे. मॅट, प्रशिक्षक, प्रवासखर्च यांसाठी शासनाकडे आणि दानशूरांकडे मागणी करत राहायलाच हवी, आणि ती पूर्ण व्हायला वेळ लागेल. स्वतःच्या अंगाचा, स्वभावाचा आणि सवयींचा प्रामाणिक हिशोब मांडून स्पर्धेची वाट आखण्यासाठी मात्र कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, आणि ती सुरुवात पुढच्या सरावापासूनच करता येते.